एकच पट्टी, वेगवेगळे पेपर

सिल्वासाची एखादी मुलगी जीआरई द्यायला निघते तेव्हा पहाटे वापी गाठते, फ्लाइंग राणी पकडते आणि दुपारच्या स्लॉटला मुंबईतल्या केंद्रावर हजर होते. तिच्या शेजारच्या संगणकावर बसलेल्या मुलाला तिच्यापेक्षा वेगळे प्रश्न येतात. त्याच दिवशी सोलमध्ये किंवा लागोसमध्ये बसलेल्यांना आणखी वेगळे. कुणाचा पेपर कुणासारखा नाही. तरीही निकालाचा आकडा सगळ्यांचा एकाच पट्टीवरचा असतो: गणिताला 130 ते 170 आणि इंग्रजीला 130 ते 170. तिचे 162 आणि सोलच्या मुलाचे 162 सारखेच, असं अमेरिकेतलं विद्यापीठ बिनदिक्कत धरून चालतं.

बोर्डाच्या परीक्षा देत वाढलेल्या आपल्याला हे खरं तर खटकायला हवं. यंदाचा पेपर सोपा होता, मागच्या वर्षी गणिताने रडवलं होतं, ही आपली दरवर्षीची चर्चा. वेगळ्या पेपरांचे गुण एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात, एवढं तर सातवीतल्या पोरालाही कळतं. मग इथे ते कसे ठेवले जातात? एमएस किंवा पीएचडीसाठी अर्ज करणारी मुलं या परीक्षेसाठी महिनोन्‌महिने शब्द पाठ करतात, मॉक देतात, पण परीक्षेच्या आत काय चाललेलं असतं हे बघायला सहसा कुणी थांबत नाही. आतला प्रकार भलताच रंजक आहे.

त्यासाठी आधी पेन्सिलकडे जाऊ. रेनॉल्ड जॉन्सन नावाचा अमेरिकन मुलगा लहानपणी एक उद्योग करायचा. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर तो बाहेरून पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवायचा. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ठिणगी जिथे पडायला हवी तिथे न पडता वीज त्या रेघेवरून पळून जायची आणि गाडी काही केल्या सुरू व्हायची नाही. पुढे हा मुलगा मिशिगनमध्ये शाळामास्तर झाला. मुलांनी पेन्सिलीने केलेल्या खुणांतून वीज वाहते की नाही, हे तपासून पेपर तपासणारं यंत्र त्याने बनवलं. आयबीएमने ते विकत घेतलं, त्यालाही कामावर घेतलं, आणि 1938 मध्ये ‘आयबीएम 805’ बाजारात आलं. गोल काळे करायच्या परीक्षांचा सगळा पसारा त्या खोडीतून सुरू झाला म्हणायला हरकत नाही. हाच जॉन्सन पुढे जगातली पहिली हार्ड डिस्क बनवणाऱ्या चमूचा प्रमुख होता.

जीआरईची सुरुवातही त्याच सुमारास, 1936 मध्ये, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या चार विद्यापीठांतल्या प्रयोगापासून झाली. 1947 च्या डिसेंबरात ईटीएस ही संस्था स्थापन झाली आणि ही परीक्षा तिच्याकडे गेली. यंत्रामुळे हजारो पेपर झटपट तपासता येऊ लागले, पण मूळ कोडं तसंच होतं. प्रश्न बदलले की गुणांचा अर्थ बदलतो, त्याचं काय करायचं?

उत्तर द्यायला काही माणसं पुढे आली. ईटीएसमधला फ्रेडरिक लॉर्ड 1952 पासून या गणिताच्या मागे होता. डेन्मार्कच्या गेऑर्ग राश या गणितज्ञाने 1960 मध्ये आपल्या पुस्तकात त्याचं सगळ्यात सुटसुटीत रूप मांडलं. कल्पना ऐकायला साधी आहे, पण ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागद बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. उंच उडीत आडव्या दांडीची उंची आणि उडी मारणाऱ्याची झेप एकाच एककात मोजतात ना, तसंच प्रश्नाचा अवघडपणा आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर मांडायची. दोघांनाही आकडा द्यायचा. दोन्ही आकडे सारखे असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता बरोबर निम्मी. माणूस प्रश्नापेक्षा एका एककाने वर असेल तर शक्यता 73 टक्के होते, दोन एककांनी वर असेल तर 88 टक्के. एकाने खाली असेल तर 27. जीआरईच्या आतलं गणित याहून किचकट आहे, पण गाभा हाच.

आता गंमत बघा. एखाद्या प्रश्नाचा आकडा एकदा ठाऊक झाला की तो प्रश्न कुणाला, कधी, कोणत्या शहरात विचारला याने फरक पडत नाही. अवघड प्रश्नांतले सोळा बरोबर आणि सोप्या प्रश्नांतले वीस बरोबर, दोन्हींतून एकच क्षमता निघू शकते. म्हणून पेपर वेगळे आणि पट्टी एक, हे जमतं. फक्त प्रश्नाचा आकडा आधी ठाऊक हवा, आणि तो कळण्यासाठी प्रश्न खऱ्या परीक्षार्थींना सोडवायला द्यावे लागतात. 2023 पर्यंत जीआरईत एक असा विभाग कधीही येऊ शकायचा ज्याचे गुण धरलेच जात नसत. तो कोणता हेही सांगत नसत. मुलं घाम गाळून तो सोडवायची. मुलं परीक्षा देत होती आणि त्याच वेळी प्रश्नांचीही परीक्षा चालली होती.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. प्रश्न तुमच्याबद्दल सर्वांत जास्त केव्हा सांगतो? शक्यता निम्मी असते तेव्हा. जो प्रश्न तुम्ही झोपेतही सोडवाल, तो सोडवल्याने परीक्षकाला नवीन काही कळत नाही. जो तुम्हाला सात जन्मांत येणार नाही, तो चुकल्यानेही कळत नाही. म्हणजे परीक्षा छोटी करायची असेल तर प्रत्येकाला त्याच्या उंचीच्या आसपासचे प्रश्न द्यावेत. आजची जीआरई तेच करते. गणिताचा पहिला विभाग सगळ्यांना मध्यम, 12 प्रश्न, 21 मिनिटं. तो कसा सोडवला यावर दुसऱ्या विभागातले 15 प्रश्न किती अवघड येणार ते ठरतं. इंग्रजीचंही तसंच. सप्टेंबर 2023 मध्ये पावणेचार तासांची परीक्षा एक तास अठ्ठावन्न मिनिटांवर आणली गेली. केंद्राबाहेर मुलांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘दुसरं सेक्शन जाम हार्ड आलं, म्हणजे पहिलं चांगलं गेलंय.’ ही अंधश्रद्धा नाही. मात्र दुसरं सेक्शन अवघड वाटलं आणि ते अवघड होतं, यात अंतर आहे, आणि घाबरलेल्या डोक्याला ते कळत नाही.

समोरच्याला बघून प्रश्न बदलण्याची ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्या कथेत एक मराठी पान आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये मुलांच्या बुद्धीची चाचणी तयार केली, वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी म्हणून. पुढे त्यांनी तिची वयवार मांडणी केली. तपासनीस मुलासमोर बसतो, त्याच्या वयाच्या जवळपासचे प्रश्न विचारतो, आले की वरच्या वयाचे, अडखळला की खालच्या वयाचे. जिथवर सगळे येतात आणि जिथून पुढे एकही येत नाही, त्या दोन टोकांमध्ये मूल सापडतं. या चाचणीची भारतीय आवृत्ती केली व्ही. व्ही. कामत यांनी, 1930 च्या दशकात, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कर्नाटक भागात, मुलांच्या कन्नड आणि मराठी भाषांत. 1940 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलं. ‘बिने-कामत’ या जोडनावाने ही चाचणी आपल्याकडच्या बालमानसतज्ज्ञांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

कामतांचं काम नुसत्या भाषांतराचं नव्हतं. प्रश्न दुसऱ्या भाषेत गेला की त्याचा अवघडपणा बदलतो. पॅरिसच्या सात वर्षांच्या मुलाला जे सहज येतं ते धारवाडच्या नऊ वर्षांच्या मुलाला अडेल, किंवा उलट. म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून त्याची जागा नव्याने ठरवावी लागते. सिल्वासा जिथे आहे त्या दादरा आणि नगर हवेलीसारख्या प्रदेशात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. इथल्या एखाद्या पोराच्या घरात वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, कारखान्याच्या गेटवर हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी. त्याच्या जीआरईच्या इंग्रजीच्या आकड्यात त्याची विचारशक्ती किती आणि इंग्रजीशी उशिरा झालेली ओळख किती, हे तो एकटा आकडा सांगू शकत नाही. पट्टी सगळ्यांना एकच आहे हे खरं. ती काय मोजते हा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते क्लासवाल्यांच्या जाहिरातींत तो मुद्दाम विसरला जातो.

वेगळ्या पेपरांचं कोडं आपल्याकडची गेट परीक्षा दुसऱ्या रीतीने सोडवते. तिथे ज्या विषयाचा पेपर एकाहून जास्त सत्रांत होतो, त्यात प्रत्येक सत्राच्या वरच्या 0.1 टक्का मुलांची सरासरी आणि त्या सत्राची एकूण सरासरी अधिक प्रमाण विचलन यांच्या आधाराने गुण ताणले किंवा आवळले जातात. यात प्रश्नाचा अवघडपणा आधी मोजलेला नसतो. सगळ्या सत्रांत बसलेला मुलांचा जथा सारखाच असेल, असं गृहीत धरून मागाहून दुरुस्ती करतात. बहुतेक वेळा ते खपून जातं.

आधी मोजलेल्या प्रश्नांची मात्र एक दुखरी नस आहे. मोजलेला प्रश्न महाग असतो, म्हणून तो पुन्हापुन्हा वापरावा लागतो, आणि माणसांना आठवण असते. संगणकावरची जीआरई सुरू झाल्यावर चीन, तैवान आणि कोरियातली मुलं बाहेर येऊन आठवतील तितके प्रश्न इंटरनेटवर टाकू लागली. एकाने तीन आठवले, दुसऱ्याने पाच, आणि बघता बघता प्रश्नपेढी उघडी पडली. ऑगस्ट 2002 मध्ये ईटीएसने त्या तिन्ही ठिकाणी संगणकावरची परीक्षा थांबवली आणि पुन्हा कागदावर घ्यायचं ठरवलं.

परीक्षेतल्या निबंधाबाबत तर संस्थेने उलटाच पवित्रा घेतला. तीस मिनिटांच्या त्या निबंधाचे सगळे संभाव्य विषय, शंभराहून जास्त, ईटीएसने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करून ठेवले आहेत. फुकट. आज रात्री सिल्वासात बसून कुणीही ते वाचू शकतं. पेपर आधीच फोडून ठेवलेली परीक्षा! कारण विषय माहीत असले तरी तीस मिनिटांत बाजू घेणं, तिला अडचणीत आणणारी उदाहरणं स्वतःच काढणं आणि तरीही ती सावरणं, हे पाठ करून येत नाही. निदान तशी अपेक्षा आहे. हा निबंध एक माणूस तपासतो आणि ‘ई-रेटर’ नावाची संगणकप्रणालीही तपासते. गुण 0 ते 6, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. दोघांचं जमलं नाही तर दुसऱ्या माणसाला बोलावतात.

तो दुसरा माणूस का ठेवलाय, हे एमआयटीत लेखन शिकवलेल्या लेस पेरेलमन यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने ‘बेबेल’ नावाचं एक यंत्र रचलं. त्याला दोन-तीन शब्द दिले की ते सेकंदात पानभर निबंध ओकायचं: लांबलचक वाक्यं, भारदस्त शब्द, वाक्यं जोडणारे शब्द जागच्या जागी, आणि अर्थ शून्य. निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी या बरळण्याला भरघोस गुण दिले. जड शब्दांची यादी पाठ करणाऱ्यांनी या प्रयोगाकडे जरा नीट बघावं. जड शब्दाला भुलतं ते यंत्र. अर्जातला दुसरा निबंध, ज्याला सगळे ‘एसओपी’ म्हणतात, तो माणसांसमोर जातो.

आणि त्याचं वजन वाढलंय. 2020 नंतर अमेरिकेतल्या कित्येक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली किंवा सरळ काढून टाकली. आकडा नाही म्हटल्यावर उरतं काय? मार्कशीट, शिफारसपत्रं आणि एक-दोन पानांचा एसओपी. प्राध्यापकांच्या समितीपुढे असे गठ्ठे येतात. लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा वाचलेलं असतं की ते त्यांना दिसतही नसावं. काउन्सेलर सुरतेचा असो की पुण्याचा, नमुने फिरून फिरून तेच. परीक्षेने सगळ्यांना एका पट्टीवर आणायचं आणि निबंधाने पट्टीवर न बसणारं सांगायचं, अशी ही विभागणी होती. निबंधही साच्यातून काढला की अर्जात दोन पट्ट्या होतात आणि माणूस कुठेच राहत नाही.

साच्यात न बसणारा एक अर्ज, एका मराठी मुलीने लिहिलेला, 28 जून 1883 या तारखेचा आहे. कल्याणला जन्मलेली, नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी जन्मलेलं बाळ थोड्याच दिवसांत गमावलेली आनंदी गोपाळ जोशी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि नुकतीच न्यूजर्सीत पोचली होती. तिने पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. तिच्याकडे पदवी नव्हती, कुठल्या परीक्षेचा आकडा नव्हता. आज एसओपी शिकवणारा जे जे मागतो ते मात्र त्या पत्रात सगळं आहे, आणि तेही न शिकवता आलेलं. आपली तयारी कॉलेजच्या अटींत कदाचित पूर्ण बसणार नाही हे ती झाकत नाही. मराठी, संस्कृत, बंगाली, कानडी, गुजराती, हिंदुस्तानी आणि इंग्रजी अशा सात भाषा येतात, हे सांगते. मित्र आणि जात यांच्या विरोधाला न जुमानता आपण इथवर आलो आहोत, हे तिने सांगितलंय, पण त्यावर रडगाणं नाही. आणि का शिकायचं याचं कारण एका जागी बोट ठेवून दिलंय: तिच्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. एवढं नेमकं कारण दिल्यावर वैद्यकीची आवड वगैरे लिहायची गरजच पडत नाही. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांच्या कॉलेजने तिला घेतलं. 11 मार्च 1886 ला ती पदवीधर झाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आजचा ऑनलाइन अर्ज असता तर आधीच्या पदवीचा रकाना रिकामा राहिल्यामुळे तिला पुढचं पान तरी उघडलं असतं का, शंका आहे.

सिल्वासाच्या मुलांना मी कधी ‘आमच्या गावात लिहिण्यासारखं काय आहे’ म्हणताना ऐकतो तेव्हा नवल वाटतं. जेमतेम 491 चौरस किलोमीटरचा दादरा आणि नगर हवेलीचा हा प्रदेश 1954 च्या जुलै-ऑगस्टात पोर्तुगीजांपासून सुटला, त्या लढ्यात चक्क संगीतकार सुधीर फडके होते. त्यानंतर सात वर्षं तो भारतात सामीलही नव्हता आणि पोर्तुगालच्या ताब्यातही नव्हता, स्वतःची वरिष्ठ पंचायत चालवत होता. पोर्तुगालने वाट मागत भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. 1961 मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला भारताच्या पंतप्रधानांच्या तोलाचा माणूस हवा म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं गेलं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एलएलएमला अर्ज करणाऱ्या इथल्या मुलाने मानवी हक्कांच्या तळमळीवर परिच्छेद लिहावा आणि हे सगळं गाळावं, म्हणजे कमाल आहे.

इंजिनियर झालेल्यांची गोष्ट तर आणखी जवळची. करसवलतींमुळे इथे कारखाने आले, राखोलीला ऑप्टिकल फायबरची केबल बनते आणि शहराभोवती पॉलिस्टर यार्नच्या गिरण्या आहेत. टेक्श्चरायझिंगच्या यंत्रावर सपाट धागा तापवतात, पीळ देतात, थंड करतात आणि पीळ उलगडतात, तरी त्या पिळाची आठवण धाग्यात राहते आणि तो लोकरीसारखा फुगतो. शिफ्टवर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तो काय सांगेल? धागे एकमेकांना ढकलतात, पसरतात, हाताला चटका बसतो. पॉलिस्टर पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे घर्षणाने आलेला विद्युतभार वाहून जायला वाट मिळत नाही. म्हणून धाग्यावर तेलाचा अगदी पातळ थर देतात. ज्याचे वडील त्या यंत्रावर उभे राहतात त्या मुलाने हे घरी जेवताना ऐकलेलं असतं, आणि एसओपीत तो लिहितो की नॅनोटेक्नॉलॉजीच्या अफाट शक्यतांनी मी भारावलो.

त्याने ते तेलच धरावं. रंगाईच्या आधी धागा धुतला की ते तेल पाण्यात उतरतं. कोणत्या तापमानाला ते सुटतं, कोणत्या रेणूंत मोडतं, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना ते पचतं की नाही, आणि भार वाहून नेणारा पण पाण्यात निरुपद्रवी असा दुसरा कोणता थर देता येईल? यातला पहिला प्रश्न टेक्स्टाइलवाल्यांचा, मधले दोन एन्व्हायर्नमेंटल इंजिनियरिंगचे, शेवटचा पॉलिमर केमिस्ट्रीचा. त्या-त्या विभागात यावर काम करणारे प्राध्यापक शोधायला एक आठवडा पुरतो, त्यांचे दोन-चार पेपर वाचायला एक महिना, आणि बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरात संपते, म्हणजे सुरुवात दिवाळीच्या बरीच आधी करायला हवी.